झोळी, राईची उशी आणि रात्रीचे तीन : दहा आठवड्यांच्या बाळाला कसे झोपवावे?

घणसोलीच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ दहा आठवड्यांचे आहे. ते ३६व्या आठवड्यात जन्मले आणि जन्मवजन २ किलो ३०० ग्रॅम होते. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. यजमानांची फिरती पाळी असते आणि बाळंतपणासाठी गावाहून आलेल्या सासूबाई दिवसभर बाळाला सांभाळतात. त्या बाळाला झोळीत झोपवतात, डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी ठेवतात आणि उताणे ठेवले की ते दचकून उठते म्हणून दुपारी पालथे घालतात. रात्री बाळ डबलबेडवर आईवडिलांच्या मध्ये असते. बाळाने वेगळ्या पाळण्यात एकटेच झोपले पाहिजे असे या आईने कुठेतरी वाचले. पण तसा पाळणा घरात मावत नाही, आणि ‘आमची चारही पोरं झोळीतच वाढली’ या सासूबाईंच्या वाक्यावर तिला उत्तर सुचत नाही. शेवटी तिने विचारले आहे, मी नक्की कोणाचे ऐकू?

मी ठाण्यात २४ वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकते. माझ्या मते तुमची खरी अडचण कोणाचे ऐकावे ही नाही. बाळाचा श्वास झोपेत मोकळा राहील अशी जागा त्या एका खोलीत कुठे आणि कशी करायची, ही खरी अडचण आहे. आणि ती जागा अशी हवी की रात्री तीन वाजता, डोळे मिटत असतानाही, तुमच्या हातून बाळ तिथेच ठेवले जाईल. दुपारी शांतपणे वाचलेले सगळे नियम रात्री तीनला आठवत नाहीत, त्यामुळे त्या वेळेची तयारी संध्याकाळीच करून ठेवावी लागते. पुढचे सगळे उत्तर याच गोष्टीभोवती आहे.

आधी भीतीचे मोजमाप नीट करून घेऊ. निरोगी दिसणारे तान्हे बाळ झोपेतच दगावते आणि तपासणीनंतरही कारण सापडत नाही, अशा मृत्यूला आकस्मिक शिशुमृत्यू म्हणतात, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला ‘सिड्स’ म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे उशीत, रजईत, गादीच्या फटीत किंवा मोठ्या माणसाच्या अंगाखाली नाकतोंड दाबले जाऊन गुदमरणे. दोन्ही गोष्टी विरळ आहेत, हे मी सर्वप्रथम सांगते, कारण घाबरलेली आई झोपत नाही आणि न झोपलेली आई हाच पुढे एक धोका होऊन बसतो. मात्र विरळ असल्या तरी त्यांचा काळ ठरलेला आहे. आकस्मिक शिशुमृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि त्यातही दोन ते चार महिने हे वय सर्वांत नाजूक असते. अमेरिकेतील फिलियानो आणि किनी या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये याची मांडणी अशी केली की तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या तर धोका उभा राहतो: मुळात थोडे नाजूक बाळ, वाढीचा नाजूक टप्पा आणि बाहेरचा एखादा ताण. तुमचे बाळ महिनाभर आधी आणि कमी वजनाचे जन्मले, त्यामुळे पहिली गोष्ट काही अंशी आहेच. ते दहा आठवड्यांचे आहे, म्हणजे दुसरीही आहे. या दोन्हींवर आपला इलाज चालत नाही. तिसरी गोष्ट, म्हणजे झोपण्याची पद्धत आणि जागा, पूर्णपणे आपल्या हातात आहे. म्हणूनच पूर्ण दिवसांच्या, साडेतीन किलोच्या, पाच महिन्यांच्या बाळाच्या आईला मी जेवढी सूट देईन, तेवढी तुम्हाला देणार नाही.

आता पालथे झोपवण्याविषयी. पालथे घातल्यावर बाळ जास्त वेळ झोपते, हे सासूबाईंचे निरीक्षण अगदी खरे आहे, आणि नेमकी तीच काळजीची गोष्ट आहे. पालथ्या बाळाची झोप अधिक गाढ असते. श्वास कमी पडू लागला तर दचकून, मान वळवून, रडून स्वतःला सोडवून घेण्याची त्याची क्षमता त्या झोपेत मंदावते. शिवाय चेहरा गादीत रुतला की सोडलेलीच हवा ते पुन्हा आत घेत राहते. उताणे बाळ हातपाय फेकून वारंवार जागे होते म्हणून आपण कंटाळतो, पण ते हलके जागे होणे या वयात त्याचे संरक्षण आहे.

यावर बहुतेक आज्यांचा, आणि खरे सांगायचे तर अनेक आयांचाही, एकच आक्षेप असतो: उताण्या बाळाने दूध काढले तर ते श्वासनलिकेत जाईल. मी माझ्या दवाखान्यात पाठकोऱ्या कागदावर एक साधे चित्र काढून दाखवते. गळ्यात श्वासनलिका पुढच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या मागे. बाळ उताणे असले की श्वासनलिका वरच्या मजल्यावर आणि अन्ननलिका खालच्या मजल्यावर येते. पोटातून वर आलेले दूध खालच्या मजल्यावरच राहते. आपल्या इमारतीत पंप लावल्याशिवाय पाणी वर चढत नाही, तसेच. बाळ पालथे केले की मजले उलटतात आणि वर आलेले दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी उतरते. म्हणजे दूध अडकण्याच्या भीतीने पालथे घालणे हे भीतीच्याच दिशेने जाणे आहे. कुशीवर ठेवणे हा मधला मार्ग वाटतो, परंतु कुशीवरचे लहान बाळ सहज कलंडते आणि पालथे होते, म्हणून तोही नको. रात्रीची असो वा दुपारची, प्रत्येक झोप उताणीच हवी. एरवी उताणे झोपणाऱ्या बाळाला एखाद्या दुपारी पालथे झोपवणे तर विशेष धोक्याचे असते, कारण त्या स्थितीची त्याला सवय नसते.

येथे एक कबुली देणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाळांना पालथे झोपवण्याचा सल्ला दिला जात होता, आणि तो देणारे बहुतांशी डॉक्टरच होते. नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस, ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये उताणे झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्यावर तेथील आकस्मिक शिशुमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त पाठ खाली आणि चेहरा वर. त्यामुळे सासूबाईंशी बोलताना ‘डॉक्टरांना सगळे कळते आणि तुम्हाला काही कळत नाही’ असा सूर कृपया लावू नका. या बाबतीत मोठी चूक आमच्या व्यवसायाने करून झालेली आहे.

सासूबाईंचे पालथे घालणे मात्र बंद करू नका, फक्त त्याची वेळ बदला. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते आणि बाळाला नडग्यांवर पालथे घेऊन पाठीला तेल लावते, तेव्हा बाळ मान उचलण्याचा प्रयत्न करते ते तुम्ही पाहिले असेल. हाच व्यायाम हवा आहे. जागे असताना, कोणीतरी समोर बसलेले असताना, दिवसातून दोनतीनदा तीन ते पाच मिनिटे पालथे ठेवावे आणि हळूहळू दिवसभरात मिळून अर्ध्या तासापर्यंत न्यावे. मान आणि खांदे बळकट होतात आणि डोक्याचा मागचा भाग चपटा होण्याचा प्रश्नही बराचसा सुटतो.

म्हणजे राईच्या उशीचे कारणच उरत नाही. डोके एका बाजूला चपटे होते ते बाळ सतत एकाच दिशेला, बहुधा आईकडे किंवा खिडकीच्या उजेडाकडे, मान वळवून झोपते म्हणून. आज डोके भिंतीकडे, उद्या पाय भिंतीकडे, अशी रोज दिशा बदलली की बाळ आपोआप दुसरीकडे मान वळवते. उशीचा दोष समजून घ्यायचा तर तान्ह्या बाळाच्या शरीराची ठेवण पाहावी. त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि मागे फुगीर असते, त्यामुळे सपाट गादीवरही मान किंचित पुढे झुकलेली असते. त्याखाली उशी आली की हनुवटी छातीकडे जाते आणि मऊ, पेन्सिलीपेक्षाही बारीक असलेली श्वासनलिका दबते. झोळीत हेच घडते, फक्त उशीऐवजी कापडाचा झोल ते काम करतो.

माझ्याकडे वर्तकनगरहून एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. झोळी सोडायला त्यांची अजिबात तयारी नव्हती. मी त्यांना म्हटले, ‘आजी, हनुवटी छातीला घट्ट टेकवा आणि तशीच एक ओवी म्हणा बघू.’ त्यांनी हसतहसत सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला आवाज घोगरा झाला, तिसऱ्या ओळीला त्यांनी मान वर करून श्वास घेतला. मग काही क्षण त्या गप्प होत्या आणि म्हणाल्या, ‘मला मान वर करता आली, त्याला नाही यायची.’ मला याहून चांगले स्पष्टीकरण आजवर देता आलेले नाही. तुमच्या सासूबाईंनाही हा प्रयोग करून पाहायला सांगा.

झोळीविषयी माझे मत सरसकट नाही. पूर्ण दिवसांच्या, मान धरलेल्या बाळाला कोणी डोळ्यांसमोर पाच मिनिटे झोका दिला आणि झोप लागताच उचलून सपाट गादीवर ठेवले, तर मी वाद घालत बसत नाही. परंतु लवकर जन्मलेल्या आणि अजून मान न धरलेल्या तुमच्या बाळाला झोळी नको, झोका देण्यापुरतीसुद्धा नको. स्प्रिंगच्या झोळ्यांचे तर आणखी एक दुखणे असते: फ्लॅटच्या छताला ड्रिल करून बसवलेला हूक कधी निसटेल सांगता येत नाही, आणि तसे पडून आलेली बाळे मी तपासली आहेत. लाकडी पाळणा ज्याचा तळ खरोखर सपाट आणि घट्ट आहे, तो मात्र चांगला. कापडी तळाचे पाळणे वजनाने मध्ये खोलगट होतात. ते झोळीचेच भाऊबंद समजावेत.

रात्रीच्या जागेकडे येते, कारण खरा पेच तेथे आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या सूचनांमध्ये म्हटले आहे की किमान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत असावे, पण त्यांच्या अंथरुणावर नसावे. पहिला अर्धा भाग वाचून मला नेहमी गंमत वाटते, कारण वन रूम किचनमध्ये तो नियम आपोआप पाळला जातो. तिकडे बाळाची वेगळी खोली रंगवून ठेवलेली असते, तिला सहा महिने कुलूप लावा असे त्यांना सांगावे लागते. दुसरा अर्धा भाग आपल्याकडे कठीण जातो, कारण आपल्या कित्येक पिढ्या आईच्या कुशीत झोपल्या. पण त्या कशावर झोपल्या, हेही पाहिले पाहिजे. जमिनीवर सतरंजी, वर पिंजलेल्या कापसाची, दाबून कडक झालेली गादी, अंगावर एखादे जुने लुगडे, आणि बाळाच्या एका बाजूला फक्त आई. तुमच्या डबलबेडवर जाड फोमची गादी आहे, चार उशा आहेत, एसीमुळे दुलई आहे आणि बाळाच्या दोन्ही बाजूंना दमलेली मोठी माणसे आहेत. नाव एकच, ‘बाळाला जवळ घेऊन झोपणे’. पण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सासूबाईंची चार मुले ज्या अंथरुणावर वाढली, ते अंथरूण आता तुमच्या घरात नाही. त्यांच्या वाक्याला माझे उत्तर एवढेच आहे.

गादी तपासण्याची सोपी रीत म्हणजे तळहात जोराने दाबून उचलावा. ठसा क्षणात भरून आला तर ठीक. पंजाचा आकार रेंगाळला तर ती गादी तुमच्या पाठीला कितीही सुखाची असली तरी बाळाच्या कामाची नाही.

तुमच्या घरासाठी मी सुचवीन ती व्यवस्था अशी. बाळाची स्वतःची एक लहान, पातळ, घट्ट गादी करून घ्या. गादी कारखान्यात मापाने शिवून मिळते. तिच्यावर चादर ताणून खाली खोचलेली असावी. उशी, लोड, मऊ खेळणी, गुंडाळलेली दुपटी, जास्तीची गोधडी यांपैकी काहीही त्या गादीवर नको. तुम्ही स्वतः काही महिने खाली, कापसाच्या गादीवर झोपू शकत असाल, तर बाळाची गादी तुमच्या गादीशेजारी, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर ठेवा. तळमजल्यावर ओल, मुंग्या, उंदीर यांचा त्रास असेल, किंवा सिझेरियनमुळे तुम्हाला खाली उठबस जमत नसेल, तर हे चालणार नाही. मग पलंगाला लागून सपाट तळाचा लहान लाकडी पाळणा, न झुलणारा, ठेवावा. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये फट असेल तर ती जागा बाळासाठी सर्वांत वाईट, हे लक्षात असू द्या. ‘भिंतीकडे ठेवले म्हणजे पडणार नाही’ असे म्हणून अनेकजण नेमके तिथेच ठेवतात.

न्यूझीलंडमधील माओरी समाजाचे उदाहरण मला या संदर्भात फार जवळचे वाटते. त्यांच्यातही बाळाला सोबत घेऊन झोपण्याची रीत आहे. ‘बाळाला दूर ठेवा’ असे सांगून लोक ऐकत नाहीत हे लक्षात आल्यावर तेथील डॉक्टर डेव्हिड टिपेने-लीच आणि विणकाम करणाऱ्या स्त्रियांनी मिळून तेथील हाराकेके नावाच्या वनस्पतीच्या पात्यांची सपाट तळाची, कडा असलेली टोपली विणून घेतली. तिला ‘वाहाकुरा’ म्हणतात. बाळ त्या टोपलीत आणि टोपली आईच्या अंथरुणावर. बाळ जवळही राहते आणि त्याची जागाही स्वतंत्र राहते. रीत न मोडता तिला एक कड लावली, एवढेच त्यांनी केले. तुमच्याकडे वेगळ्या पाळण्याला जागाच नसेल, तर सपाट तळाची, हवेशीर कडांची, घट्ट पातळ गादी बसवलेली रुंद टोपली हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. कपडे धुण्याचा टब किंवा खोल पाटी मात्र नको.

आता रात्री तीनची गोष्ट. तुमच्या प्रश्नात एक वाक्य ओझरते आले आहे, ‘सगळे उठू नयेत म्हणून मी रात्री सोफ्यावर बसून पाजते.’ संपूर्ण प्रश्नातील हेच वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी सलग रात्रपाळ्या करून घरी आले होते. तिला पाजायला सोफ्यावर बसले आणि पाजतानाच डोळा लागला. जाग आली तेव्हा ती माझ्या मांडीवर नव्हती; सोफ्याचा हात आणि बैठक यांच्यामधल्या सांदीत घसरली होती, तोंड कापडाकडे होते आणि रडण्याचा आवाज इतका दबलेला होता की तो मला शेजारच्या घरातून येतोय असे वाटले. तिला काही झाले नाही. पण तेव्हा मी बालरोगाचे शिक्षण घेत होते, सगळे नियम मला पाठ होते, आणि तरीही हे घडले. कारण त्या थकव्यात मी काही ठरवत नव्हते, मी फक्त बसले होते. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळासह झोप लागणे हे अंथरुणावर झोप लागण्यापेक्षा कित्येक पटीने धोक्याचे आहे, असे अभ्यास सांगतात.

म्हणून रात्री पाजताना झोप लागेल अशी थोडी जरी शंका असेल, तर सोफ्यावर बसूच नका. खालच्या गादीवर, उशा आणि पांघरूण बाजूला सारून, कुशीवर पडून पाजा. डोळा लागलाच तर तो निदान कमी धोक्याच्या जागी लागेल, आणि जाग येताच बाळाला त्याच्या गादीवर उताणे ठेवा. स्तनपान चालू ठेवणे हेदेखील आकस्मिक शिशुमृत्यूपासून संरक्षण आहे. दोन महिने स्तनपान झालेल्या बाळांमध्ये हा धोका सुमारे निम्मा आढळतो. त्यामुळे झोपेच्या भीतीने रात्रीचे पाजणे तोडू नये. यजमानांची पहिली किंवा दुसरी पाळी असेल तेव्हा रात्रीचे एक काम त्यांच्याकडे द्या: पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे आणि उताणे ठेवणे. पाजणे तुमचे, ठेवणे त्यांचे. रात्रपाळीच्या आठवड्यात हे काम सासूबाई करू शकतात, आणि माझा अनुभव असा की ते सोपवल्यावर आज्या त्या नियमाच्या सर्वांत कडक रखवालदार होतात.

काही परिस्थितींत मात्र मोठ्यांच्या अंथरुणावर बाळाला मी क्षणभरही ठेवू देणार नाही. घरात कोणी बिडी, सिगारेट ओढत असेल, शेजारी झोपणाऱ्याने दारू घेतली असेल किंवा गुंगी आणणारे औषध, अगदी सर्दीखोकल्याचे साधे सिरपसुद्धा, घेतले असेल, तर तो विषयच संपला. मशेरी लावणाऱ्या बायका ‘आम्ही ओढत नाही’ म्हणतात, पण गरोदरपणातली मशेरी म्हणजेही बाळाच्या रक्तात तंबाखूच. आणि बाळाला गाढ झोप यावी म्हणून कोणतेही औषध देऊ नका. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका शंभर वर्षांपूर्वी नाइलाजाने बाळांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. गोळी बदलली तरी बाळाला गुंगीत ठेवण्याचा मोह अजून गेलेला नाही.

उबेबद्दल थोडे. ठाणे आणि नवी मुंबईच्या दमट हवेत बाळाला थंडी वाजण्यापेक्षा उकडण्याची शक्यता अधिक असते. तुम्हाला जेवढे कपडे पुरतात त्यापेक्षा फार तर एक थर जास्त पुरे. घरात झोपताना कुंची, टोपडे नको, कारण तान्हे बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता सोडते आणि टोपडे सरकून तोंडावर येते. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून पाहा, तिथे घाम असेल तर कपडे काढा. पंखा संथ चालू असावा, एसी २४ ते २६ वर ठेवला तरी झोत बाळावर नको. दुपट्यात गुंडाळायचे असेल तर पातळ सुती कापडात, कंबरेखाली सैल, पाय दुमडून हलवता येतील असे. पाय सरळ ओढून घट्ट बांधल्याने खुबे बिघडू शकतात. बाळ कुशीवर वळण्याचा प्रयत्न करू लागले, बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, की गुंडाळणे पूर्णपणे बंद करावे. गळ्यातला काळा दोरा आणि दृष्टमणी झोपताना काढून ठेवा किंवा पायात बांधा.

धुरी आणि शेगडी या दोन गोष्टींवर मी तडजोड करत नाही. वावडिंग, ओवा, लसणाची साले घालून दिलेली धुरी बाळाच्या नाजूक श्वसनमार्गाला त्रासदायक ठरते. आणि खिडक्या लावून घेतलेल्या फ्लॅटमध्ये बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो आई व बाळ दोघांचाही जीव घेऊ शकतो. गावच्या कौलारू घरात तो धूर कौलांतून निघून जात असे. खाडीकडच्या डासांसाठी कॉइल लावू नका, मच्छरदाणी वापरा. छत्रीसारखी मच्छरदाणी घेतली असेल तर तिच्यासोबत आलेली उशी आणि फुगीर गादी काढून टाका आणि जाळी बाळाच्या चेहऱ्यापासून दूर ताणलेली राहते ना, ते पाहा.

दोन शंका मी तुमच्या न विचारताच घेते, कारण त्या पुढच्या आठवड्यांत येतील. पहिली लसीची. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी नेमक्या त्याच वयात येतात ज्या वयात आकस्मिक शिशुमृत्यू सर्वाधिक असतात, म्हणून लोक दोहोंचा संबंध जोडतात. तसा संबंध नाही. उलट लसीकरण झालेल्या बाळांमध्ये हा धोका कमी आढळतो. दहा आठवड्यांची लस राहिली असेल तर ती लगेच घ्या. दुसरी शंका श्वासाची. या वयाचे बाळ झोपेत मधूनच पाचदहा सेकंद श्वास थांबवते आणि मग भराभर घेते, हे स्वाभाविक आहे. श्वास २० सेकंदांहून जास्त थांबला, ओठ निळे पडले किंवा बाळ एकदम लुळे पडले, तर वाट न पाहता १०८ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा.

नवजात अतिदक्षता कक्षात तुमचे बाळ काही दिवस राहिले असेल, तर तिथे त्याला पालथे ठेवलेले तुम्ही पाहिले असण्याची शक्यता आहे. तिथे त्याच्या पायाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावलेले होते आणि परिचारिका समोर होती. घरी यातले काही नाही, म्हणून तिथली नक्कल घरी करू नये. बाळ स्वतःच्या बळावर दोन्हीकडे वळायला लागले, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात, की तुम्ही त्याला उताणे ठेवा आणि मग ते झोपेत वळले तर वळू द्या; रात्रभर जागून त्याला सरळ करत बसण्याची गरज नाही.

सासूबाईंशी बोलण्याबाबत एक व्यावहारिक सूचना. त्यांना माझ्यासारख्या कोणाकडे, म्हणजे तुमच्या बाळाच्या डॉक्टरांकडे, पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि हा विषय डॉक्टरांना काढू द्या. सुनेने सांगितलेले बोचते, तिसऱ्याने सांगितलेले पटते. आणि त्या जिथे बरोबर आहेत ते त्यांच्यासमोर मोकळेपणी म्हणा: अंगावरचे दूध, एकाच खोलीत निजणे, खालची कडक गादी, मालीश, अंगाई. झोळीचा हूक लगेच काढू नका. त्यात चार दिवस कपड्यांचे बोचके राहिले तरी चालेल. बाळाला उताणे झोपण्याची सवय लागायला साधारण आठवडा-दहा दिवस जातील, या काळात ते जास्त रडेल आणि ‘बघ, झोळीशिवाय झोपतच नाही’ हे वाक्य तुम्हाला रोज ऐकावे लागेल. छातीवर हलका हात ठेवून, थोपटत, दिवा मंद करून रोज तोच क्रम ठेवा.

आज रात्रीपुरते एवढे करा की डबलबेडच्या मधली जागा रिकामी करा, सोफ्यावर एखादी बादली किंवा कपड्यांचा ढीग ठेवून द्या म्हणजे झोपेत तिकडे पाय वळणार नाहीत, आणि बाळाची गादी तुमच्या उजव्या हाताला अंथरा. चौदा आठवड्यांच्या लसीला जाल तेव्हा डोक्याचा मागचा भाग, मानेची ताकद आणि वजन एकदा डॉक्टरांकडून पाहून घ्या. तेव्हा काय सांगितले ते लिहा, म्हणजे गुंडाळणे कधी सोडायचे ते नक्की सांगता येईल.